हायवेवर हेल्मेट थरथरतं, समोरचं अंधुक दिसतं: नव्या बाइकस्वारांनी काय तपासावं, काय बदलावं

गावात, बाजारात, कॉलेजला जाता-येता गाडी छान चालते. ताशी ४०-५० पर्यंत काही जाणवत नाही. मग एखाद्या दिवशी जळगावहून धुळ्याला निघता, पाळधी मागे पडतं, काटा ७५ वर जातो आणि हेल्मेट डोक्यावर थडथड हलायला लागतं. पुढच्या ट्रकचा नंबर दोन-दोन दिसतो. रस्त्यातला खड्डा अगदी जवळ आल्यावर कळतो. पारोळा येईपर्यंत मान आखडून जाते आणि डोकं जड होतं.

नवीन गाडी घेतलेले बरेच जण याला "आपल्याला अजून सवय नाही" म्हणतात आणि सोसत राहतात. उरलेले दुकानात जाऊन मिळेल ती सगळ्यात उंच काच हेडलाइटवर बसवून घेतात. सोसायचं कारण नाही, कारण हा त्रास बहुतेक वेळा कमी करता येतो. आणि उंच काचेने तो पुष्कळदा वाढतो. पैसे खर्च करायच्या आधी डोकं नक्की कशाने हलतंय हे शोधलं, तर निम्मं काम फुकटात होतं. या लेखात तीच पद्धत क्रमाने दिली आहे.

वारा डोक्याला काय करतो

हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० चे ८० केले तर वेग एक तृतीयांशाने वाढला, पण अंगावर येणारा जोर पावणेदोन पटींपेक्षा जास्त झाला. म्हणून ६० ला बरं वाटणारं हेल्मेट ८० ला नकोसं होतं.

तरीही नुसता जोर हा खरा त्रास नाही. वारा सलग, एकसारखा येत असेल तर मान त्याला टेकून राहते. दमायला होतं, पण दिसतं स्वच्छ. त्रास देतात ते भोवरे. काच, हेडलाइट, आरसे, हँडल यांच्या कडेवरून हवा सुटते तेव्हा मागे कमी दाबाची जागा तयार होते. ती भरायला हवा आत वळते आणि तिचे गोळे एकामागून एक सुटत राहतात. ते हेल्मेटवर आदळले की डोकं सेकंदाला अनेक वेळा हलतं.

डोळ्यांचं गणित याच्याशीच जोडलेलं आहे. डोकं हललं तरी नजर ठरावी म्हणून शरीरात एक सोय असते. आतल्या कानाला हालचाल कळते आणि बुबुळं तेवढीच उलट्या दिशेला वळतात. चालता चालता दुकानाची पाटी वाचता येते ती यामुळे. पण थरथर फार जलद झाली की डोळ्यांना तिच्याबरोबर राहता येत नाही आणि चित्र फाकतं. म्हणून "डोळे कमजोर झाले" असं ठरवून चष्म्याच्या दुकानात जाण्याआधी डोक्याची थरथर थांबवून बघायची.

काच उंच केल्याने त्रास का वाढतो, हे रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. बागेला वारा लागू नये म्हणून ते बांधावर शेवरी लावतात, गजराज गवत लावतात. भिंत बांधत नाहीत. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे खात खाली येतो. शेवरीतून थोडा वारा आरपार जातो, म्हणून मागची हवा शांत राहते. गाडीच्या काचेचंही असंच आहे. वारा पुरता अडवायला गेलात तर भोवरे पदरात पडतात. थोडा येऊ दिला तर तो सरळ येतो.

चाचणीसाठी रस्ता आणि वेळ

खान्देशात हे आधी सांगायला हवं, कारण इथला वाराच चाचणीचा निकाल फिरवतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे सुरतेला वाहत जाणारी तापी, असं हे खोरं आहे. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. समजा वारा ताशी ३० चा आहे आणि तुम्ही धुळ्याहून साक्रीकडे ७० ने चालला आहात. हेल्मेटला लागणारी हवा जवळपास १०० ची झाली. त्याच रस्त्याने त्याच वेगाने परत या, ती ४० वर येते. "जाताना हलत होतं, येताना एकदम ठीक" ही तक्रार ऐकली की मी आधी कोणत्या दिशेला चालला होता ते विचारतो.

म्हणून चाचणी सकाळी लवकर करा, वारा पडलेला असतो तेव्हा. दुपारी ऊन तापलं की झुळका आणि वावटळी सुरू होतात, मग कशामुळे काय झालं ते कळत नाही. चार-पाच किलोमीटरचा सरळ, ओळखीचा, रिकामा पट्टा निवडा आणि तो दोन्ही दिशांनी चालवा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या बाजूला असाल तर तिथल्या पवनचक्क्या बघा. त्यांची तोंडं वाऱ्याकडे वळलेली असतात, त्यामुळे वारा कुठून येतोय ते लगेच समजतं.

वेग ८० च्या वर नेऊ नका. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेली दुचाकीची कमाल मर्यादा चौपदरी महामार्गावर ८० आणि इतर रस्त्यांवर ६० आहे. ८० ला नजर ठरली तर तुमचं काम झालं.

पहिली पायरी: हलवणारा कोण ते ओळखा

डोकं वाऱ्याने हलतं, तसंच इंजिनाच्या थरथरीने, चाकाच्या दोषानेही हलतं. तिन्हींत समोरचं अंधुकच दिसतं. वेगळं करायचं ते असं.

गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्या. हळूहळू आवाज तेवढा करा जेवढा ७०-७५ ला असतो. हँडल आणि फूटरेस्टला मुंग्या येतात का? आरशातलं चित्र फाटतं का? एका सिलिंडरच्या गाडीत थोडी थरथर असणारच. पण उभ्या गाडीवर समोरची पाटी वाचता येत नसेल, तर मिस्तरीकडे जा. इंजिन माउंटिंगचे बोल्ट, हँडलच्या टोकांची वजनं, सायलेन्सरचे बोल्ट बघून घ्या.

आता रस्त्यावर. मागेपुढे कोणी नाही याची खात्री करून ७० वर क्लच दाबा आणि रेस सोडा. इंजिन शांत झालं, गाडी नुसती वाहतेय. थरथर लगेच गेली तर ती इंजिनाची. तशीच राहिली तर चाक किंवा वारा. वेग कमी होताना एखाद्या ठरावीक आकड्यालाच हँडल हलत असेल, तर टायरची हवा, चाकाचा तोल, रिमचा बाक आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) तपासून घ्या. टायरची हवा सकाळी टायर थंड असताना, चेनच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिली आहे तेवढीच भरा. उन्हाळ्यात "टायर फुटेल" म्हणून कमी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती उलट घातक आहे: कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो.

तिसरी चाचणी वाऱ्याची. त्याच वेगात कंबरेतून वाकून हनुवटी टाकीकडे न्या, दोन-तीन सेकंद. नजर रस्त्यावरच ठेवा. एकदम शांत झालं, समोरचं स्वच्छ दिसलं? मग दोष वाऱ्याचा. आता उलट करा: पाठ ताठ करून, सीटवरून चार बोटं उठून डोकं वर न्या. गाडीवर काच असेल आणि डोकं वर गेल्यावर आवाज वाढला पण हलणं थांबलं, तर समजा की तुमचं हेल्मेट बरोबर काचेमागच्या भोवऱ्यांत बसतंय. वरची हवा जोराची असली तरी सरळ आहे. ही खूण मोलाची आहे, लक्षात ठेवा; पुढे काच लावायची की काढायची, उंच की बुटकी, हे यावरून ठरणार आहे. फूटरेस्टवर उभं राहायचा सराव नसेल तर तो प्रयोग इथे करू नका, चार बोटं पुरतात.

दोन्ही स्थितींत काहीच फरक पडला नाही आणि इंजिन-चाकही ठीक असेल, तर हेल्मेटकडे वळा.

दुसरी पायरी: हेल्मेट

आपल्याकडे बहुतेकांच्या गाड्यांना काचच नसते. १००-१२५ सीसीच्या साध्या गाडीवर वाऱ्याचा त्रास होतो तो मुख्यतः हेल्मेटमुळे. त्यात सगळ्यात मोठा दोष म्हणजे एक माप मोठं हेल्मेट. दुकानात घालून बघताना ते आरामशीर वाटतं म्हणून घेतलं जातं आणि हायवेवर वारा त्याला डोक्यावर फिरवत बसतो.

माप असं बघा. भुवयांच्या थोडं वर आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून टेप फिरवा, तो आकडा दुकानदाराला सांगा. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवा: गालांची आणि कपाळाची कातडी बरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट नुसतंच घसरत असेल तर ते मोठं आहे. पट्टा बांधून मागच्या कडेला धरून वर-पुढे ओढा. निघून आलं तर ते घेऊ नका. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा. आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा आकडा बघूनच घ्या. आतला स्पंज कालांतराने बसतो, सुरुवातीला घट्ट असलेलं हेल्मेट दोन वर्षांत सैल होऊ शकतं. अनेक कंपन्यांचे गालाचे पॅड वेगळे मिळतात, तेवढे बदलले तरी मोठा फरक पडतो.

आता खान्देशातला खास प्रश्न. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचं ऊन ४४-४५ अंशांवर जातं. बागायती रुमाल डोक्याला, कानांना, तोंडाला गुंडाळल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही, आणि पडूही नये. पण जाड रुमालाच्या घड्यांवर हेल्मेट चढवलं की ते वर उचललं जातं, डोक्यावर नीट बसत नाही, आणि मागे सुटलेलं टोक वाऱ्यात फडफडून त्याला हिसके देत राहतं. यावर उपाय आहे. हेल्मेटच्या आत पातळ सुती टोपी किंवा बालाक्लाव्हा (डोकं, तोंड, मान झाकणारी टोपी) घाला, ती ओली करून पिळून घातली तर आणखी बरं. रुमाल मानेभोवती बांधा आणि त्याची दोन्ही टोकं शर्टाच्या किंवा जॅकेटच्या आत खोचा. डोकं झाकलेलं राहतं, हेल्मेट घट्ट बसतं.

उकडतं म्हणून हेल्मेटची काच पूर्ण वर करून चालवणं हेही इथे सर्रास दिसतं. उघडी काच वारा धरते, हेल्मेट मागे खेचते, आत भोवरे फिरतात. शिवाय हवा अंगाच्या तापमानापेक्षा गरम असेल तर उघड्या तोंडाने गारवा मिळत नाही, डोळे मात्र कोरडे पडतात. काच बंद ठेवा किंवा फार तर पहिल्या खाचेवर ठेवा, हनुवटीची आणि वरची हवेची भोकं उघडी ठेवा.

अर्धं हेल्मेट वापरत असाल तर हायवेसाठी पूर्ण तोंड झाकणारं घ्याच. डोळ्यांत पाणी येऊन अंधुक दिसणं त्यानेच थांबेल. आणि पुढे लांब चोच असलेलं, मातीच्या शर्यतीत वापरतात तसलं हेल्मेट असेल तर लांबच्या प्रवासात चोच काढून ठेवा. ८० च्या वेगाला ती मान वर उचलते आणि बाजूला वळून बघताना डोकं फिरवते.

हेल्मेट बदललं किंवा घट्ट केलं की पुन्हा त्याच पट्ट्यावर, त्याच वेगाने फेरी मारा. एका वेळी एकच बदल करायचा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

तिसरी पायरी: काच, आणि तिचे प्रयोग

गाडीला कंपनीची किंवा बाहेरून बसवलेली काच असेल तर हा भाग तुमच्यासाठी. धुळ्यातले एक जुने मिस्तरी अशा तक्रारीवर एकच वाक्य अहिराणीत सांगतात: "पहिले काच काढी टाक, मंग दख." यापेक्षा स्वस्त चाचणी नाही. चार बोल्ट काढा, फेरी मारा. छातीवर वारा लागेल, आवाज येईल. पण डोकं स्थिर झालं आणि नजर स्वच्छ झाली, तर दोषी काचच आहे. काहींना एवढंच पुरतं. ते काच कायमची काढून ठेवतात किंवा बुटकी लावतात, म्हणजे वारा छातीवरून वळतो आणि डोकं सरळ हवेत राहतं. माझं मत विचाराल तर ८० च्या आत चालवणाऱ्याला बहुतेकदा हाच सगळ्यात चांगला उपाय आहे.

थंडीत किंवा पावसात काच हवीच असेल, तर ती बसवायचे प्रयोग करा. सामान घरातलंच: कागदी टेप, जुन्या प्लास्टिक फाइलचं कव्हर, कात्री, थोडी लोकर.

लोकरीने सुरुवात करा, कारण हवा डोळ्यांना दिसत नाही आणि लोकर ती दाखवते. चार-पाच इंचांचे धागे कापा. काचेच्या वरच्या कडेला तीन, दोन्ही बाजूच्या कडांना दोन-दोन, टाकीच्या पुढच्या टोकाला दोन आणि हेल्मेटवर कपाळापाशी आणि दोन्ही कानांपाशी एकेक, असे टेपने चिकटवा. मित्राला दुसऱ्या गाडीवर मागे कोणाला तरी बसवून बाजूने यायला सांगा. मागे बसलेल्याने मोबाइलवर चित्रण करायचं; चालवणाऱ्याने मोबाइलला हात लावायचा नाही. घरी येऊन ते चित्रण सावकाश वेगाने बघा. धागा मागे सरळ ताणून बसला असेल तर तिथली हवा स्वच्छ आहे. गोल गोल फिरत असेल, टोक झटके देत असेल, तर तिथे भोवरा आहे. आणि काचेच्या आतल्या बाजूचा धागा पुढे, काचेकडे झुकत असेल तर हवा मागून पुढे ओढली जातेय, म्हणजे काचेमागे दाब फार कमी झालाय. टाकीवरचे धागे वर उभे राहत असतील तर वारा खालून येतोय. हे एकदा बघितलं की पुढचे बदल अंदाजाने करावे लागत नाहीत.

धागे काय सांगतात त्याप्रमाणे पुढचे तीन बदल, एकेक करून.

हवा मागून पुढे ओढली जात असेल तर काचेच्या खालून हवेला वाट द्या. काच आणि तिचा स्टँड यांच्यामध्ये साधारण १०-१५ मिलिमीटरचे बुश (बोल्टवर चढवायच्या छोट्या नळ्या) टाका, बोल्ट तेवढे लांब घ्या. लेथवाला असे बुश सहज करून देतो. खालच्या फटीतून थोडी हवा मागे येते, दाब भरून निघतो, भोवरे सौम्य होतात. दिसायला क्षुल्लक, पण कधी कधी एवढ्याने काम होतं.

दुसरा बदल उंचीचा. सीटवर नेहमीसारखं बसा आणि समोर बघा. काचेची वरची कड नाक ते हनुवटीच्या दरम्यान दिसत असेल आणि भोवरे हेल्मेटवर येत असतील, तर दोन्ही बाजूंना प्रयोग करून बघा: काच थोडी खाली किंवा थोडी जास्त तिरकी. उंची वाढवून बघायची असेल तर फाइलच्या कव्हरची दोन इंचांची पट्टी कापून वरच्या कडेला भरपूर टेपने घट्ट लावा, आधी ४०-५० ला चालवून ती सुटत नाही ना ते बघा, मग वेग वाढवा. एक-दोन सेंटिमीटरने निकाल पूर्ण बदलतो. कड काहीही झालं तरी नजरेच्या रेषेच्या खाली राहिली पाहिजे. काचेतून रस्ता बघायची वेळ आणू नका; पावसाचं पाणी, किडे आणि रात्री समोरच्या गाडीचे दिवे पडले की तिच्यातून काही दिसत नाही.

तिसरा बदल खालच्या हवेचा. पुढच्या शॉकअपच्या मधून आणि हेडलाइटखालून वर चढणारी हवा बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. ते काचा बदलत राहतात आणि वारा खालून हनुवटीला धक्के देत राहतो. टाकीवरचे धागे उभे राहिले असतील तर शॉकअप आणि टाकीमधली बाजूची फट पातळ कव्हरने तात्पुरती झाकून बघा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळतंय ना, वायर किंवा केबल दाबली जात नाही ना, हे आधी तपासा. आणि इंजिनाकडे किंवा रेडिएटरकडे जाणारी हवा अडवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात इंजिनाला मिळेल तेवढी हवा कमीच असते.

मित्राच्या गाडीवर छान बसलेली काच तुमच्या गाडीवर तशीच चालेल असं समजू नका. त्याची उंची पाच फूट चार इंच आणि तुमची पाच फूट दहा इंच असेल, तर एकाच काचेमागे दोघांची डोकी वेगवेगळ्या हवेत असतात. मागे कोणी बसलं, गाडी मागून दबली, तरी काचेचा कोन बदलतो.

प्रयोगातून जे ठरेल त्याप्रमाणेच कायमची काच करून घ्या. पॉलिकार्बोनेटची मागा. साधी ॲक्रिलिक काच फुटली की धारदार तुकडे होतात. कड घासून गुळगुळीत करून घ्या, बोल्टखाली रबरी वॉशर टाका, फार आवळू नका. शंभरेक किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हा एकदा बघा.

कपडे, सामान, बसणं

फुगलेलं रेनकोट-जॅकेट, उघडी कॉलर, खांद्याच्या वर आलेली बॅग हे सगळं हेल्मेटच्या आसपासची हवा ढवळतं. बॅगचे पट्टे आवळून ती कंबरेपाशी आणा, किंवा मागच्या सीटवर बांधा. जॅकेट अंगाला बसणारं असावं.

हात ताठ करून हँडल आवळून धरलं की गाडीची सगळी थरथर खांद्यांतून डोक्यापर्यंत जाते. कोपर थोडे वाकवा, गुडघ्यांनी टाकी धरा, जबडा सैल ठेवा. छाती किंचित पुढे घेतली तर वारा वजन पेलतो आणि मनगटं मोकळी होतात. नवीन चालवणाऱ्याला वाऱ्याची भीती वाटते म्हणून तो आखडतो, आणि आखडल्यामुळे जास्त हलतो. हे मुद्दाम सराव करूनच सुटतं: दर थोड्या वेळाने खांदे खाली सोडायची सवय लावा.

लांबच्या प्रवासात मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग घाला. वाऱ्याची घरघर कमी होते, थकवा खूप कमी येतो, हॉर्न मात्र ऐकू येतो. मोबाइलचे इअरफोन घालू नका.

ट्रक, पूल, घाट

सुरत-नागपूर महामार्गावर आणि मुंबई-आग्रा रस्त्यावर वाऱ्याचे निम्मे धक्के ट्रकांचे असतात. ट्रकच्या मागे लांबपर्यंत हवा ढवळलेली असते. तिथे चिकटून चालणाऱ्याचं डोकं सारखं हलणारच, काच कुठलीही लावा. निदान तीन सेकंदांचं अंतर ठेवा, जमेल तर जास्त. पुढे जायचं असेल तर अंतर ठेवूनच बाजूला या आणि मग वेग घ्या. ट्रकच्या बाजूला आलात की वारा अचानक बंद होतो, गाडी ट्रककडे ओढल्यासारखी वाटते. केबिनच्या पुढे निघताच त्याने ढकललेली हवा एकदम बाहेर लोटते. हे दोन्ही येणार हे माहीत असलं की हात सैल ठेवून गाडी सरळ काढता येते. कापसाच्या हंगामात बाजूला फुगलेल्या गाठोड्यांचे ट्रक आणि शहाद्याकडे उसाच्या ट्रॉल्या असतात. त्यांच्या मागची हवा आणखी वेडीवाकडी, शिवाय डोळ्यांत कचरा.

शिरपूरजवळ सावळद्याचा तापीवरचा पूल उत्तर-दक्षिण आहे आणि पात्रातून वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे थेट कुशीत. पुलावर चढायच्या आधी वेग ५०-६० वर आणा आणि आपल्या लेनच्या मध्ये राहा. लळिंग घाटात आणि कोंडाईबारीत डोंगराची आड संपते तिथे झुळूक अचानक लागते. तिथेही तेच.

शेवटची पायरी: काच पुसणं आणि डोळे

हलणं थांबलं तरी अंधुकच दिसत असेल तर हेल्मेटची काच उन्हात धरून बघा. बारीक गोल ओरखडे दिसतात? कोरड्या फडक्याने धूळ पुसल्याचे ते आहेत. संध्याकाळी साक्री-नवापूरकडे तोंड करून चालताना सूर्य समोर येतो आणि त्या प्रत्येक ओरखड्यातून प्रकाश फाकतो. काच बदला, ती हेल्मेटच्या मानाने फार स्वस्त असते. नवीन काचेवर आधी ओला कपडा दोन मिनिटं ठेवा, किडे-धूळ भिजू द्या, मग साबणाच्या सौम्य पाण्याने बोटांनीच धुवा. पेट्रोल, रॉकेल, घरातल्या काचा पुसायचा फवारा यांनी प्लास्टिक खराब होतं. काळी काच फक्त दिवसा, रात्रीसाठी पांढरी सोबत ठेवा.

डोळे कोरडे पडूनही दिसणं अंधुक होतं. खूण अशी की दोन-चार वेळा पापण्या मिटल्या की क्षणभर स्वच्छ दिसतं. पाणी पीत राहा, तासाभराने थांबा, मुद्दाम पापण्या मिटायची सवय लावा. डोळ्यांत घालायचे थेंब डॉक्टरांना विचारूनच. गाडी थांबवून दहा-पंधरा मिनिटं झाली तरी अंधुकच राहत असेल, एका डोळ्याने वेगळं दिसत असेल, दिव्यांभोवती कडी दिसत असतील किंवा डोकं दुखत राहत असेल, तर गाडीचे प्रयोग थांबवून आधी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

चष्मा असेल तर काड्या सरळ आणि पातळ असलेली फ्रेम घ्या. वळलेल्या जाड काड्या हेल्मेटच्या पॅडमध्ये अडकतात, चष्मा तिरका होतो आणि नंबर बरोबर असूनही दोन-दोन दिसतं. नवीन फ्रेम घ्यायला जाताना हेल्मेट सोबत न्या आणि दुकानातच घालून बघा.